वजन जास्त असताना वॉटर पार्क आणि राइड्स: नक्की काय काय जमतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्हा ऑफिसवाल्यांचं सहकुटुंब दोन दिवसांचं ठरलंय, पहिला दिवस वॉटर पार्क आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारचा राइड्सचा पार्क. माझ्याबरोबर भाची येणारे, सात वर्षांची, तिला सगळं मावशीबरोबरच करायचंय. माझं वजन 118 किलो, उंची 5 फूट 3 इंच, पोट आणि मांड्या जड, खांदे त्या मानाने बारीक. शाळेत असताना मी राइडवरून उतरायलाच तयार नसायचे, वेग आणि उंची दोन्ही मला अजूनही तेवढीच आवडतात. पण गेली कित्येक वर्षं अशा ठिकाणी गेलं की मी सगळ्यांच्या बॅगा सांभाळत खाली बसते, आणि या वेळी मला ते करायचं नाहीये.

काळजी कसली वाटते ते स्पष्टच लिहिते. एक तर तासभर रांगेत उभं राहायचं, सीटवर बसायचं, आणि बार लॉक होत नाही म्हणून ऑफिसच्या माणसांसमोर उतरून परत यायचं, हे मला नकोय. दुसरं म्हणजे स्लाइडमध्ये मध्येच अडकले किंवा ट्यूब उलटली तर? कपड्यांचं पण काही कळत नाहीये, तिथे म्हणे ठराविक कापडाचेच कपडे चालतात, आणि माझ्या मांड्या ओल्या कपड्यात अर्ध्या तासात सोलवटतात. शिवाय जिने, उजवा गुडघा कुरकुरतो. पार्कच्या वेबसाइटवर कमीत कमी उंची सगळ्या राइड्सना लिहिलीये पण जास्तीत जास्त वजन फक्त थोड्या स्लाइड्सना, बाकी ठिकाणी शरीरयष्टीनुसार प्रवेश नाकारला जाऊ शकतो एवढंच मोघम.

वजन शंभराच्या वर असताना जे खरंच जाऊन आलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. वजन कमी करण्याचे सल्ले नकोत, ते डॉक्टरांकडे चालू आहे आणि महिन्याभरात काही जादू होणार नाहीये.

कोस्टरवेडा

ताई, आधी हे सांगतो की 118 किलोला भरपूर काही करता येतं, त्यामुळे बॅगा लॉकरमध्ये टाका. मी सहा फूट, 131 किलो, आणि जिथे जाईन तिथे रोलरकोस्टर शोधणारा माणूस आहे.

राइड्सच्या बाबतीत काट्यावरचा आकडा फार कमी वेळा आडवा येतो, वजन कुठे आहे ते आडवं येतं. माझ्यापेक्षा वीस किलोने हलका मित्र ज्या सीटवर बसू शकला नाही तिथे मी आरामात बसलोय कारण त्याचं सगळं पोटात आणि माझं बरंचसं पाठीत आणि खांद्यात. त्यामुळे प्रत्येक राइडचं नाव पाठ करण्यापेक्षा ती माणसाला धरून कशी ठेवते तेवढं बघायला शिका, फोटो किंवा व्हिडिओवरून पण कळतं. मांडीवर येणारा एकच लांब आडवा बार, दोघा-तिघांना मिळून एक, हा सगळ्यात सोपा, डोलणारं जहाज वगैरे राइड्सवर असतो तो. मग प्रत्येकाला वेगळा लॅप बार, हा तुमच्यासाठी जरा बघावा लागेल कारण पोट पुढे असलं की बार पोटाला आधी टेकतो आणि मांडीवर येतच नाही. खांद्यावरून येणारं हार्नेस असलं तर छाती आणि पोट दोन्ही बघावं लागतं, आणि त्या हार्नेसला खाली एक छोटा पट्टा असतो जो सीटमधून येणाऱ्या बकलमध्ये अडकवायचा असतो, बरेचदा हार्नेस येतं व्यवस्थित पण हा पट्टा दोन बोटं कमी पडतो. आणि सगळ्यात कठीण म्हणजे लॅप बार प्लस ठराविक लांबीचा सीट बेल्ट. तो बेल्ट मुद्दाम तेवढाच ठेवलेला असतो, म्हणजे बेल्ट लागला तर बारही पुरेसा खाली येईल हे त्यांना कळावं म्हणून, त्यामुळे तिथे विमानासारखं बेल्ट लांब करणारं एक्स्टेंडर मागू नका, देणार नाहीत आणि देऊही नये.

आता रांगेचा प्रश्न. मोठ्या पार्कांमध्ये राइडच्या तोंडाशीच टेस्ट सीट ठेवलेली असते, अगदी तशीच सीट, तसंच हार्नेस, बाहेर. बसायचं, ओढून बघायचं, बरेचदा हिरवा दिवा लागतो किंवा किती खाली यायला हवं त्याची खूण केलेली असते. ती रांगेत शिरायच्या आधी वापरा. नसेल तर सरळ एंट्रीवरच्या माणसाला विचारा की मोठ्या बांध्याच्या माणसासाठी वेगळी सीट आहे का, कारण बऱ्याच कोस्टरवर असते पण पाटी लावलेली नसते. खाली पाय लोंबकळणाऱ्या उलट्या कोस्टरवर काही ठराविक सीट्सना दोन बकलवाले पट्टे असतात, त्या मोठ्या माणसांसाठीच असतात, आणि कुठल्या रांगेत आहेत ते ऑपरेटरला पक्कं माहीत असतं. अमेरिकेत ओरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये 2010 साली हॅरी पॉटरची नवी राइड सुरू झाली तेव्हा बरीच माणसं तिच्यात बसेनात, तर त्यांनी बाहेरच्या बाजूच्या सीट्स बदलून मोठ्या बांध्याच्या लोकांची सोय केली. म्हणजे विचारणाऱ्यांमुळे हे होतं, गप्प परत जाणाऱ्यांमुळे होत नाही.

बसताना बूड एकदम मागे टेकवा, पाठ ताठ, नाहीतर माणूस नकळत पुढे सरकून बसतो आणि तिथेच दोन इंच जातात. खिशात काही नको, जाड जॅकेट नको. श्वास सोडत बार स्वतः ओढा, मग ऑपरेटरला अजून एक क्लिक दाबायला सांगा, ते रोज करतात त्यांना काही वाटत नाही. पण पोट आत ओढून, दुखेल इतकं आवळून बसू नका, राइडभर श्वास घेता आला पाहिजे.

मला उतरावं लागलंय, हो. वाईट वाटतं. त्या दिवशी मी पुढच्या राइडला गेलो आणि ती मस्त होती, एवढंच सांगू शकतो.

दक्षिणवारा

मी काही वर्षं एका पार्कमध्ये राइड ऑपरेटर होतो, आता ते काम करत नाही पण आतली बाजू सांगतो.

आमच्या समोरच्या पॅनलवर प्रत्येक सीटचं लॉक दिसतं. बार ठराविक टप्प्याच्या खाली आला नाही तर ती सीट बंद झाली असं मशीन मानतच नाही आणि ट्रेन सुटत नाही, नव्या राइड्सवर तरी असंच असतं. त्यामुळे ऑपरेटर जेव्हा सॉरी म्हणतो तेव्हा तो तुमच्याकडे बघून काही ठरवत नसतो, त्याच्या हातातच नसतं ते. 'अहो जाऊ द्या ना, मी घट्ट धरून बसेन' असं लोक खूप म्हणतात. ऑपरेटरने ऐकू नये आणि आपणही म्हणू नये.

कारण सांगतो. 24 मार्च 2022 ला ओरलँडोला आयकॉन पार्कमध्ये फ्री फॉल टॉवरवरून, म्हणजे उंचावरून सरळ खाली सोडतात त्या राइडवरून, चौदा वर्षांचा मुलगा हार्नेसमधून निसटून खाली पडला आणि गेला. त्याचं वजन 170 किलोच्या वर होतं, बनवणाऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा 130 किलो लिहिलेली. चौकशीत निघालं की त्या सीटचा सेन्सर हाताने अॅडजस्ट केला होता, त्यामुळे हार्नेस नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट उघडं असतानासुद्धा मशीनला ते बंद वाटलं आणि दिवा लागला. त्या पोराची काहीच चूक नव्हती, त्याला कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. ती राइड नंतर पाडली. अशा आधीच्याही घटना आहेत, 2001 साली कॅलिफोर्नियाच्या नॉट्स बेरी फार्ममध्ये पाण्यात उतरणाऱ्या एका उंच राइडवरून जाड बांध्याची बाई बोटीतून बाहेर फेकली गेली होती, तिथे नंतर पट्टे बदलले. मी घाबरवायला लिहीत नाहीये. नकार देणारा पार्क नीट चाललाय असं समजा, आणि उलट कुठे बार अर्धवट वर असताना कुणी 'चालतंय, बसा' म्हणालं तर तुम्ही स्वतः उतरा. हे मला तुम्हा सगळ्यांना कळकळीने सांगायचंय.

रानजाई, तुमच्यासाठी एक फार महत्त्वाची गोष्ट, भाचीला घेऊन जाताय म्हणून. जिथे दोघांना मिळून एकच बार असतो तिथे तो बार दोघांपैकी मोठ्या माणसाच्या अंगाला टेकला की थांबतो. म्हणजे तुम्ही फिट आणि शेजारी सात वर्षांच्या मुलीच्या पोटापासून बार एक वीतभर लांब, तिला धरून ठेवायला काहीच नाही. झटका देणाऱ्या, उसळणाऱ्या राइडवर हे धोक्याचं आहे. तिला तिच्याएवढ्या कुणाबरोबर बसवा आणि तुम्ही मागच्या किंवा पुढच्या सीटवर बसा, किंवा अशी राइड निवडा जिथे प्रत्येकाचा बार वेगळा असतो. हळू जाणाऱ्या ट्रेन, आकाशपाळणा, बोट यांना काही प्रश्न नाही.

आणि गोल फिरणाऱ्या राइड्समध्ये, जिथे एका बाकड्यावर दोघं बसतात, जड माणसाने बाहेरच्या बाजूला बसायचं असतं. फिरायला लागलं की सगळे बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, आत बसलात तर राइडभर तुमचं सगळं वजन त्या मुलीच्या बरगड्यांवर. काही ठिकाणी पाटी असते, बऱ्याच ठिकाणी नसते.

साखळीवर लटकणाऱ्या खुर्च्यांचा झोपाळा असेल तर त्याची खुर्ची अरुंद असते आणि वजनाची मर्यादाही बरेचदा कमी असते, ती आधी विचारून घ्या.

उगाच_नाही

स्पष्ट बोलतो राग मानू नका पण एवढ्या वजनाला ही रिस्क घ्यायचीच कशाला, आधी वजन उतरवा मग वर्षभराने जा, पार्क काही पळून जात नाही.

पाणकोंबडी

उगाच_नाही, तिने पहिल्याच पोस्टमध्ये हा सल्ला नको म्हणून लिहिलंय. आणि पार्क पळून जात नाही पण भाची सात वर्षांची राहणार नाहीये. ज्या राइडची मर्यादा 136 किलो आहे तिथे 118 किलोच्या माणसाने बसणं ही कुठली रिस्क, तेवढ्यासाठीच तर मर्यादा लिहितात. जाऊ दे.

रानजाई, पाण्याचं मी सांगते, माझं वजन तुमच्या जवळपासच आहे आणि मला पाणी म्हणजे जीव की प्राण.

कपडे. स्लाइडवर नायलॉन किंवा पोहण्याचं ताणणारं कापड लागतं, कॉटन पाणी पिऊन जड होतं, लोंबतं, आणि घसरताना अडतं. धातूची चेन, बटणं, रिव्हेट असलं काही चालत नाही कारण फायबरवर ओरखडे पडतात. मी गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंत स्विम लेगिंग्ज आणि वर लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पोहताना घालायचा ताणणारा टॉप, घालते, टॉप लांब घ्या नाहीतर स्लाइडमध्ये वर सरकतो आणि पाठ खरवडते. मांड्या सोलवटण्यावर हाच खरा उपाय आहे, दोन मांड्यांच्या मध्ये कापड पाहिजे. त्याखाली जांघेत, काखेत, छातीखाली जिथे जिथे घडी पडते तिथे आधीच पेट्रोलियम जेली किंवा चॅफिंगसाठी मिळते ती स्टिक लावा आणि दुपारी परत लावा, आग व्हायला लागल्यावर लावून उपयोग नसतो. हे सगळं घरी घालून एकदा शॉवरखाली उभं राहा, उठा बसा, वाका, जिना चढा. मग कळतं कुठे काचतंय. पार्कमध्ये भाड्याने मिळणाऱ्या कपड्यांवर अवलंबून राहू नका, मोठे साइज असतीलच असं नाही, आपले घेऊन जा आणि पार्कला आधी विचारून घ्या की हे चालेल ना. टॉवेल पण आपला मोठा न्या, कोरडं होऊन परत ओलं व्हायचं असतं दिवसभर, आणि संध्याकाळी घरी जाताना घालायला सैल कोरडे कपडे. ओल्यातच तासभर बसून प्रवास केला की मग जांघेत जे होतं ते दोन दिवस त्रास देतं.

आता जिने. मोठ्या स्लाइडचा टॉवर चार-पाच मजल्यांएवढा असू शकतो आणि काही ठिकाणी ट्यूब आपणच खांद्यावर घेऊन चढायची असते. सकाळी पार्क उघडल्या उघडल्या उंच स्लाइड्स करून घ्या, तेव्हा पाय ताजे असतात, पायऱ्या तापलेल्या नसतात आणि रांग कमी म्हणजे मागच्यांची घाई नाही. प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून दम खा, मागच्याला पुढे जाऊ द्या, कुणी काही म्हणत नाही. गुडघ्याला उतरणं जास्त त्रासाचं, पण इथे उतरायचं पाण्यातून असतं ही एक चांगली गोष्ट. पायात वॉटर शूज घाला, ओल्या फरशीवर वजन असलेल्या माणसाने पडणं वाईट असतं, मात्र स्लाइडवर ते काढायला लावतात कधीकधी. ट्यूब वर पोचवणारा पट्टा आहे का तेही विचारा, काही पार्कमध्ये असतो.

लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे ट्यूबवर बसून तरंगत जायच्या त्या संथ वाहत्या पाण्यात, ट्यूबमध्ये बसणं हे मला सुरुवातीला सगळ्यात अवघड वाटायचं. खोल पाण्यात उडी मारून बसायला जाऊ नका. पायऱ्यांपाशी, मांडीपर्यंत पाणी असेल तिथे ट्यूब मागे धरायची, जवळच्या कुणाला तरी ती दाबून धरायला सांगायचं आणि खुर्चीत बसतो तसं मागे बसायचं. उतरताना पण पायऱ्या आल्या की आधी पाय टेकवायचे मग उठायचं. ट्यूबचे दोन साइज असतात, मोठी मागून घ्या. आठ आकड्यासारखी दोघांची ट्यूब असते तिच्यातली भोकं बरेचदा लहान असतात, एकट्याची मोठी ट्यूब जास्त बरी.

आणि वेव्ह पूल! त्याला काही मर्यादा नाही, बार नाही, बेल्ट नाही. पाण्यात वजन वाटतच नाही, गुडघा दुखत नाही, मी तिथे निम्मा दिवस असते. फक्त लाटा सुरू असताना कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे भाचीला घेऊन जाऊ नका आणि तिला तिच्या मापाचं लाइफ जॅकेट घालाच.

लोकांच्या बघण्याबद्दल. बघतात काही जण, खोटं कशाला बोलू. ओल्या कपड्यात चालत लॉकरपासून पहिल्या स्लाइडपर्यंतचे ते दोन मिनिट मला अजूनही जड जातात. पहिल्यांदा पाण्यात शिरेपर्यंतच. म्हणून मी आल्या आल्या आधी वेव्ह पूलमध्ये जाऊन भिजते आणि मग उरलेलं सगळं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं उतरवून घेतलंय. पाणकोंबडी ताई, शॉवरचा प्रयोग आजच केला, एक लेगिंग्ज बाद झाली. दक्षिणवारा दादा, भाचीच्या बारचं तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तिला कडेला घट्ट धरूनच बसले असते, तेच जास्त सेफ असं मला वाटत होतं.

अजून दोन गोष्टी. स्लाइड्सना वजनाची मर्यादा नक्की कशासाठी असते, म्हणजे प्लास्टिक मोडेल म्हणून का? आणि एकाच राफ्टमध्ये मी आणि भाची गेलो तर चालेल का, दोघींचं मिळून 140 होतं. आणि हो, मला बीपीची गोळी आहे, रोज एक, आता नॉर्मल असतं.

दक्षिणवारा

मोडण्याचा प्रश्न सहसा नसतो. मुख्य प्रश्न वेगाचा आणि रस्ता सोडण्याचा. स्लाइडवर पाण्याचा पातळ थर असतो, त्यावरून जड माणूस हलक्यापेक्षा जास्त वेगाने जातो कारण हवेचा आणि पाण्याचा जो अडथळा असतो तो वजनाच्या मानाने त्याला कमी पडतो. मग वळणावर तो भिंतीवर जास्त वर चढतो आणि शेवटी थांबायला जास्त लांब पाणी लागतं. स्लाइड बनवताना हे सगळं एका ठराविक वजनापर्यंत हिशोब करून बसवलेलं असतं. उलट ज्या स्लाइडमध्ये पाण्याच्या फवाऱ्यांनी किंवा मोटरने राफ्ट परत चढावर ढकलतात तिथे वजन जास्त झालं तर चढ पार होत नाही, राफ्ट मागे घसरून खोलगट भागात थांबते, मग लाइफगार्ड येऊन बाहेर काढतो. अडकणं म्हणतात ते हे, नळीत बुचासारखं अडकत नाही कुणी, नळ्या बऱ्याच रुंद असतात. आणि पायाखालची फळी उघडून सरळ खाली पाडणाऱ्या स्लाइडला बहुतेक ठिकाणी वरती किंवा खाली वजनकाटा असतो, तिथे कमीत कमी वजनही बघतात. एकट्या माणसाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी 300 पौंड म्हणजे 136 किलो दिसते, ओरलँडोच्या व्होल्केनो बे वॉटर पार्कमधल्या उंच बॉडी स्लाइडलाही, म्हणजे ट्यूबशिवाय नुसतं अंगावर घसरतात तिला, तीच आहे. पण आपल्या पार्कच्या पाटीवर जो आकडा असेल तोच धरा, काही स्लाइड्सना 100 सुद्धा असतो. काट्याचं टेन्शन असेल तर हे माहीत असू द्या की पुष्कळ काटे आकडा दाखवत नाहीत, नुसता लाल-हिरवा दिवा असतो.

राफ्टचं. एकूण वजन बसतंय म्हणून खूश होऊ नका, कोण कुठे बसतंय तेही बघायचं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 2014 साली फेरूक्ट नावाची 168 फुटांची स्लाइड उघडली होती, तीन जणांची राफ्ट, एकूण वजन 400 ते 550 पौंड पाहिजे असा नियम. 2016 मध्ये एक दहा वर्षांचा मुलगा सर्वात पुढे आणि मागे दोन मोठ्या बायका अशी राफ्ट गेली, एकूण वजन नियमात होतं, पण पुढचं टोक हलकं पडलं, दुसऱ्या उंचवट्यावर राफ्ट हवेत उडाली आणि तो मुलगा गेला. ती स्लाइड मुळातच चुकीची बनवलेली होती, बंद करून 2018 ला पाडली, तशी स्लाइड तुम्हाला कुठे भेटणार नाही. तरीपण हलकं मूल आणि जड मोठा माणूस अशी दोघांची राफ्ट असेल तर कोण पुढे कोण मागे हे स्वतः ठरवू नका, वरच्या लाइफगार्डला विचारा, प्रत्येक स्लाइडचा नियम वेगळा असतो. गोल चार-सहा जणांच्या फॅमिली राफ्टमध्ये वजन समोरासमोर वाटून बसवतात, तुमच्या समोर ऑफिसमधला कुणीतरी दणकट माणूस बसवा आणि भाची कडेला. ती राइड तुम्हा दोघींसाठी सगळ्यात छान होईल.

ओंजळ

मी नर्स आहे. रानजाई, बहुतेक मोठ्या राइड्सच्या पाटीवर हृदयविकार, हाय बीपी, मान-पाठीचे त्रास आणि गरोदरपण या सगळ्यांनी बसू नये असं लिहिलेलं असतं. तुमचं बीपी गोळीवर कंट्रोलमध्ये आहे म्हणता तरी जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना राइड्सचे प्रकार सांगून विचारा, फोनवर पण चालेल. गोळी कुठली आहे तेही महत्त्वाचं, लघवी जास्त होणारी असेल तर उन्हात दिवसभर चढउतार केल्यावर अंगातलं पाणी पटकन कमी होतं, आणि काही गोळ्यांवर झटकन उभं राहिलं की चक्कर येते. लेझी रिव्हरमधून किंवा राइडवरून उतरताना मिनिटभर बसून मग उठा. पाण्यात असलो की तहान कळत नाही, बाटली जवळ ठेवा. आणि त्या दिवशीची गोळी राइड्सच्या नादात चुकवू नका. गुडघ्याला आधार पट्टा घालत असाल तर स्लाइडवर त्यात धातूच्या पट्ट्या नकोत.

कोस्टरवेडा

ओंजळताईंनी लिहिलं ते खरंच करा. आणि पार्कला आजच मेल टाका, प्रत्येक राइडचं नाव लिहून विचारा की वजनाची मर्यादा किती, कमरेचा आणि छातीचा घेर किती चालतो, टेस्ट सीट आहे का, मोठी सीट कुठल्या रांगेत. आपला घेर टेपने मोजून लिहायचा, बसलेल्या अवस्थेत मोजायचा कारण बसल्यावर तो वाढतो. मोघम विचारलं तर मोघम उत्तर येतं. आणि ऑफिसच्या मंडळींपैकी एकाला, ज्याच्यावर भरवसा आहे अशा, आधीच सांगून ठेवा की मी अमुक राइडची टेस्ट सीट बघायला जातेय, बाकीच्यांना दुसरीकडे ने. दहा मिनिटांचं काम असतं.

केशरी_पतंग

मध्येच विचारतेय, माझ्या नवऱ्याचं वजन 160 च्या आसपास आहे आणि मुलं मागे लागलीत. म्हणजे त्याने 136 वाल्या काहीच स्लाइड्स करायच्या नाहीत ना? मग त्याने तिथे करायचं काय?

पाणकोंबडी

नाही करायच्या, तिथे ठाम राहा. पण वेव्ह पूल, लेझी रिव्हर, मुलांच्या पाण्याच्या किल्ल्यावर वरून ओतणारी ती मोठी बादली, उथळ तलाव हे सगळं आहे. चटईवरून शर्यत लावायची रुंद स्लाइड असेल तर तिची पाटी बघा. माझा भाऊ त्याच वजनाचा आहे, तो दिवसभर मुलांना लाटांमध्ये उचलून फेकतो आणि मुलं त्याला सोडत नाहीत.

दक्षिणवारा

केशरी_पतंग, गोल फॅमिली राफ्टचं पण विचारा, काही ठिकाणी फक्त सगळ्यांचं मिळून वजन बघतात आणि काही ठिकाणी प्रत्येकाचंही बघतात. आणि त्याच्यासाठी लाइफ जॅकेटचा मोठा साइज पार्कमध्ये आहे का ते फोनवर विचारून घ्या. जॅकेट वजनावर नाही, छातीच्या मापावर घ्यायचं, सगळी बकलं लागली पाहिजेत आणि खांद्यावर धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर जाता कामा नये. नसेल तर आपलं विकत घेऊन जा, पण पार्कमध्ये बाहेरचं चालतं का ते आधी.

रानजाई

मेल पाठवली, राइडवार. घेर बसून मोजला आणि लिहिला, हात जरा थरथरला पण लिहिला. उत्तर आलं की सगळे आकडे इथे टाकते, केशरी_पतंग तुमच्यासाठी 160 चं पण विचारलंय.